सातबारा त्यांचा, वांगी आमची, अनुदान कुणाचे?



गोंदिया जिल्ह्यात शेती म्हणजे धान आणि शेतीचे राजकारण म्हणजे धानाचा बोनस. नागपूरचे हिवाळी अधिवेशन आले की हेक्टरी 15 हजार की 20 हजार, यावरच भाषणे रंगतात. आपले कार्यकर्तेही त्या मोर्चात निळा झेंडा घेऊन उभे राहतात. तो बोनस 2 हेक्टरच्या मर्यादेत, सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जातो. आपल्या वस्तीत तो किती घरांत आला, हे मोर्चातून परतल्यावर कोणी विचारत नाही.

धान निघाल्यावर बघा. ठेक्याने घेतलेल्या बांधीत, बोडीच्या काठावर, घरामागच्या वाडीत वांगी, भेंडी, कारली पिकवून आठवडी बाजारात टोपली मांडणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतल्या आहेत? मामा तलावात शिंगाडा लावणारे धिवर, नदीच्या रेतीत डांगरवाडी करणारे, जबरानजोतीवर राबणारे. पिकवतात हे आणि कागदावर शेतकरी दुसराच.

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी पाऊण एकर ठेक्याने घेऊन तीन वर्षे भाजीपाला केला. अल्पभूधारकाला ठिबकवर 55 टक्के आणि वर राज्याचे 25, असे 80 टक्के अनुदान आहे, हे आम्हीच त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. सेवा केंद्रात पहिलाच प्रश्न आला, सातबारा कोणाचा? अर्ज तिथेच संपला. संमतीपत्रावर सही मागायला गेलो, तर मालकाने पुढच्या हंगामाला जमीनच काढून घेतली. आम्ही टक्केवारी वाचली होती, अटी वाचल्या नव्हत्या. त्याची किंमत ताईंनी मोजली.

तेव्हापासून आम्ही अटी वाचतो. 2018-19 पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना घ्या. जमीन स्वतःच्या नावावर हवी, कोकणाबाहेर किमान 0.20 हेक्टर हवी, सामाईक सातबारा असेल तर इतर खातेदारांची संमती हवी. आपल्याकडे आजोबांच्या दीड एकरात अकरा वारस असतात, त्यातले तीन पुण्यात. अनुदान तीन वर्षांत 50, 30, 20 टक्क्यांनी येते, म्हणजे आधी खिशातून खर्च करा. खिसा असलेल्यांसाठीच हे गणित मांडले आहे.

आणि खास आपल्यासाठी असलेली योजना? डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतही नवीन विहिरीला स्वतःच्या नावावर किमान 0.40 हेक्टर जमीन लागते. जातीचा दाखला आहे, जमीन नाही, तर बाबासाहेबांच्या नावाची योजनाही बंद. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाड योजना आहे, 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती, 2018 पासून 100 टक्के अनुदानावर. पण कोरडवाहू जमिनीला एकरी 5 लाखांची मर्यादा आहे. त्या दरात आपल्या वस्तीला सुपीक जमीन विकायला कोण तयार होतो? आता शेतकरी ओळखपत्रही सक्तीचे झाले आहे. तेही जमिनीच्या नोंदीवर बनते. पूर्वी एखादा कृषी सहायक माणूस बघून मार्ग काढायचा, संगणक काढत नाही.

बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान शेतीवरच्या निबंधात दाखवले होते की नुसत्या आकारावरून शेती परवडते की नाही हे ठरत नाही, तिला जोड मिळणाऱ्या भांडवल-साधनांवर ठरते. 1947 मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये ते आणखी पुढे गेले. कूळ कायद्याने भूमिहीन अस्पृश्यांच्या हाती काही पडणार नाही, जमीन राज्याची करा, जातीचा भेद न करता कसायला द्या आणि भांडवलही राज्याने पुरवा, असे त्यांनी मांडले. तेवढे आज कोणी करणार नाही. निदान भांडवल कसणाऱ्याच्या हाती द्या, एवढे तरी मागूया.

मालक म्हणतील, कुळाचा हक्क लागेल. विदर्भाच्या 1958 च्या कूळ कायद्याची ती भीती खरी आहे, म्हणूनच ठेका तोंडी चालतो. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कसणाऱ्यासाठी कायदा केला. 11 महिन्यांचे पत्र, जमिनीवर हक्क नाही, पण पीककर्ज आणि विमा मिळू शकतो. त्यात मालकाची सही लागते, हाच त्याचा दोष. आपल्याकडे ती अट नको. ग्रामसभेने पडताळून पीकपेऱ्याचे पत्र द्यावे, भाजीपाल्याला किमान क्षेत्र गुंठ्यांत धरावे आणि अनुदान आगाऊ, बचत गटामार्फत मिळावे. केरळात कुटुंबश्रीच्या बाया भाड्याच्या जमिनीवर गटाने भाजीपाला पिकवतात आणि सरकार त्यांना मदत देते. म्हणजे हे अशक्य नाही.

बोगस लाभार्थी वाढतील म्हणता? दुसऱ्याने पिकवलेल्या धानाचा बोनस उचलणारा मग कोण?

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावात कोण, कुठे, किती गुंठे ठेक्याने पिकवतो याची यादी करावी. यादीत मालकाचे नाव लिहू नका. ताईंची जमीन कशी गेली ते आम्ही पाहिले आहे. ठराव लेखी द्या, पोच घ्या. विरोध झाला तर विरोध करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात आल्याशिवाय उठू नका.