विश्लेषण : जहागिरी मोडणारे घटनेचे नववे परिशिष्ट शेतकऱ्याच्या आड कसे आले?

ताडकळसच्या बाजार समितीत तूर-सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्याचा राज्यघटनेच्या नवव्या परिशिष्टाशी संबंध काय? वरवर पाहता काहीच नाही. पण या परिशिष्टात सुरुवातीला जे १३ कायदे घातले गेले, त्यातले शेवटचे दोन त्याच्याच मुलखाचे होते. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि हे दोन्ही कायदे निजामाच्या काळातल्या जहागिरींसंबंधीचे होते.

परिशिष्ट आले कशासाठी?

जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयात अडकू लागले होते. मालमत्ता हा तेव्हा मूलभूत हक्क होता आणि जमीनदार त्याचाच आधार घेत होते. पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती, तेव्हा १८ जून १९५१ रोजी पहिली घटनादुरुस्ती झाली. कलम ३१ ब आणि नववे परिशिष्ट तिथून आले. परिशिष्टात टाकलेला कायदा मूलभूत हक्काचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ही तरतूद. मराठवाड्यातल्या कुळाला ती नको होती, असे कोणी म्हणणार नाही.

अडचण पुढे झाली. १३ कायद्यांची यादी २८४ वर गेली. महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंग कायदा तिथे गेला, १९७६ मध्ये आवश्यक वस्तू कायदाही. आणीबाणीत लोकांना विनाचौकशी तुरुंगात टाकणारा ‘मिसा’सुद्धा काही काळ याच यादीत होता. त्याचा जमीन सुधारणेशी काय संबंध, हे विचारायची तेव्हा सोय नव्हती.

आक्षेप कोणाचा?

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. सरकारने कमी करावे, बाजार खुला ठेवावा, ही त्यांची भूमिका. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क माणसाला जन्मतः मिळतात, सरकार फक्त त्यांची राखण करते, या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्या विचाराशी जुळणारी. आज हा मुद्दा सर्वात नेटाने मांडतात ते शेजारच्या अंबाजोगाईचे अमर हबीब. त्यांचे किसानपुत्र आंदोलन १८ जून हा ‘शेतकरी पारतंत्र्य दिवस’ म्हणून पाळते. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा, ही त्यांची मागणी.

पैशाचे गणित काय?

आवश्यक वस्तू कायद्याचा फटका समजायला सोपा आहे. २ जून २०२३ रोजी केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. व्यापाऱ्याला ठरलेल्या मर्यादेपलीकडे माल ठेवता येत नसेल, तर तो खरेदीत हात आखडता घेतो. भाव वाढेल म्हणून ज्याने तूर घरात ठेवली, त्याला याची झळ बसते. सोयाबीनचे वायदे तर २० डिसेंबर २०२१ पासून बंद झाले. तो निर्णय ‘सेबी’चा, कायदा वेगळा, पण पुढच्या भावाचा अंदाज देणारी एक खूण शेतकऱ्याच्या हातून गेली.

सीलिंगचा मुद्दा मात्र तितका सरळ नाही. महाराष्ट्रात कोरडवाहूची कमाल मर्यादा ५४ एकर. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातली सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. मग अडते कोणाचे? समर्थकांचे उत्तर असे की, मर्यादेमुळे शेतीत मोठे भांडवल येत नाही आणि परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला जमीन विकता येत नसल्याने गिऱ्हाईकही कमी राहते. दुसरी बाजूही हलकी नाही. सीलिंगमधून निघालेली जमीन भूमिहीनांना मिळाली आहे. बंधन उठले तर अडलेला शेतकरी आधी विकेल आणि घेणारा पैसेवाला असेल, ही भीती पोकळ म्हणता येत नाही.

परिशिष्ट रद्द झाले तर?

एवढ्याने सीलिंग जाणार नाही, कारण कलम ३१ अ जमीन सुधारणा कायद्यांना वेगळे संरक्षण देते. उलट आवश्यक वस्तू कायद्यासाठी दार आधीच किलकिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २००७ च्या कोएल्हो निकालात सांगितले की, २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात गेलेले कायदे घटनेच्या मूळ चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. आवश्यक वस्तू कायदा त्या तारखेनंतरचा, सीलिंगचा मूळ कायदा आधीचा.

जमीन सरकारला हवी असेल तर?

हा प्रश्न परभणी जिल्ह्यात सध्या पुस्तकी राहिलेला नाही. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत जिल्ह्याचा समावेश आहे आणि मोजणीला शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. गंमत म्हणजे या विरोधात डाव्या पक्षांचे कार्यकर्तेही आहेत. खुल्या बाजाराचे नाव काढले की भांडणारी ही मंडळी मालकीहक्काच्या प्रश्नावर किसानपुत्रांच्याच रांगेत येतात.

मालमत्ता आता मूलभूत हक्क नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७९ पासून तो कलम ३०० अ खालचा घटनात्मक हक्क उरला, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय जमीन घेता येत नाही. पण नुसता कायदा असणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले. आधी नोटीस, हरकत ऐकणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, वाजवी मोबदला, वेळेत प्रक्रिया आणि ती पूर्ण करणे, या सात गोष्टी सरकारने पाळायलाच हव्यात. मोजणीची नोटीस हाती आली तर लेखी हरकत मुदतीत देऊन तिची पोच घेणे, हे त्यातले शेतकऱ्याच्या हातातले पहिले काम.