चैन कीं विद्या?

ज्या देशाची युद्धानें राखरांगोळी झाली, त्यानें दोनच वर्षांत श्रीमंतांकरितां शर्यतीची मोटार घडवावी, याला काय म्हणावें? इटलींतील तुरीन शहरीं १९४७ सालीं तयार झालेल्या 'सिसितालिया २०२' या गाडीची हकीकत वाचतांना हा प्रश्न सूज्ञ वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे.

पिएरो दूझियो हा या उद्योगाचा धनी. नवें इंजिन घडविण्याऐवजीं त्यानें फियाट कंपनीच्या ११०० या साध्या गाडीचें, अवघें १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन सुधारून घेतलें आणि तें पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्यांत बसविलें. त्यावरील बॉडीचें काम पिनिन फारीना यांच्या कारखान्याकडे आलें.

त्या काळच्या बहुतेक गाड्या म्हणजे सुट्या भागांची जुळणी असे: बॉनेट निराळें, मडगार्ड निराळे, दिवे वरून जडविलेले. फारीना यांनीं बॉनेट मडगार्डांच्याहि खालीं नेलें, दिवे मडगार्डांतच सामावून घेतले आणि सर्व अंग एकसंध केलें. सौंदर्य नक्षीनें आलें नाहीं, प्रमाणबद्धतेनें आलें. अल्युमिनियमचे पत्रे कारागीर हातोडीनें ठोकून आकारास आणीत. म्हणून गाडी महाग पडे आणि निघालीहि थोडी, सुमारें १७० च.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां दूझियोचा हिशेब चुकला. जर्मन अभियंते पोर्श यांच्या कचेरीकडून त्यानें ग्रां प्री शर्यतीची एक अतिखर्चिक गाडी करविली, आणि त्या भारानें १९४९ च्या सुमारास कंपनी डबघाईस आली. टीकाकार येथेंच थांबतील व ही निव्वळ चैन होती असा निकाल देतील.

आम्हांस तो निकाल घाईचा वाटतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९५१ सालीं आठ मोटारींचें प्रदर्शन भरविलें. त्यांत लष्करी जीपच्या जोडीनें ही गाडीहि मांडली होती. पुढें १९७२ सालीं संग्रहालयानें ती कायमची आपल्या संग्रहांत घेतली. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट तुरीनमध्येंच घडली. फारीना यांच्या कारखान्याकडे १९५२ पासून फेरारीचें काम आलें, आणि १९५५ सालीं निघालेल्या पूझो ४०३ या फ्रेंच कुटुंबांच्या साध्या गाडीचें रूपहि त्यांनींच ठरविलें. धनिकांच्या गाडीवर तयार झालेली नजर व हात अशा रीतीनें सामान्य गृहस्थाच्या उपयोगीं पडले.

म्हणून एखाद्या महागड्या वस्तूस चैन ठरविण्यापूर्वीं ती करतांना कोणाचे हात शिकले, आणि तें शिक्षण पुढें कोठें गेलें, हें वाचकांनीं अवश्य विचारावें. दूझियोचें भांडवल बुडालें; कारागिरांची विद्या मात्र तुरीनमध्यें शिल्लक राहिली व पुढें अनेक वर्षें तिनें अनेक घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या.