ओळखा पाहू : परीक्षेला पायी निघालेला मुलगा

खेळाची रीत नेहमीचीच. पहिली खूण अवघड, पुढची प्रत्येक सोपी. पहिलीवर ओळखल्यास पाच गुण, शेवटचीवर एक. वाचून दाखवणाऱ्याने समोर बसून सावकाश वाचावे आणि प्रत्येक खुणेनंतर थांबावे. हे थांबणेच पुष्कळांना जमत नाही. ज्येष्ठांच्या ओठांवर आलेले नाव आपण घाईने सांगून टाकतो आणि त्यांचा आनंद हिरावून घेतो.

पहिली खूण : कोकणातील मुरुडचा हा मुलगा सार्वजनिक परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला. वयाने लहान दिसतो, या कारणास्तव त्याला परीक्षेस बसूच दिले नाही.

दुसरी : पुढे तो गणित शिकला आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तेच शिकवू लागला.

तिसरी : प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला. मुरुडकरांनी बहिष्कार घातला.

या खुणेपाशी कुणा आजींना आपल्या माहेरची बालविधवा आत्या आठवली, तर गुणांची वही खुशाल मिटावी. तो प्रसंग पूर्वी दहा वेळा ऐकला असला तरी पुन्हा ऐकावा. काल काय जेवलो हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनाही बालपणीचे घर अनेकदा लख्ख आठवते. अशा खेळाने विस्मरणाचा आजार बरा होतो, असा आमचा दावा नाही. म्हणून त्याची परीक्षा करू नये, चुकलेल्या उत्तरावर चारचौघांत हसू नये. मात्र बोलण्यात वा स्मरणात अचानक फरक जाणवला, तर तो वयावर न ढकलता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

चौथी : पुण्याजवळील हिंगणे येथे १९०० मध्ये एका साध्या झोपडीत त्यांचा आश्रम आला. महाविद्यालयातील काम आटोपून ते पायीच तेथे जात.

पाचवी : १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि हयातीतच त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले.

उत्तर : महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२). चौथ्या खुणेवर 'अण्णा' एवढेच म्हणणाऱ्यासही पूर्ण दोन गुण द्यावेत.