दुकानातला पीसी ओव्हरक्लॉक करायचा का?

राहात्यात गेमिंगचा किंवा फोटो-डीटीपीचा गाळा टाकायचाय, हाताशी रायझन 5 1600 चा जुना पीसी आहे. ओव्हरक्लॉक करून भागेल? माझं मत विचाराल तर, धंद्याच्या मशीनवर नको. घरी हौस म्हणून खुशाल करा.

3.2 गिगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर ओढून ताणून 3.8 च्या आसपास जातो. त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि उष्णता त्याहून वेगाने वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वर पत्रा! गिऱ्हाईक समोर उभं आणि मशीन हँग. वॉरंटीचंही संरक्षण जातं. एवढं करून विंडोज 11 च्या अधिकृत यादीत तो नाहीच, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

त्यापेक्षा त्याच एएम4 बोर्डवर रायझन 5 5600 बसवा. तोही 65 वॅटचाच; रॅम, ग्राफिक्स कार्ड जुनंच चालतं. फक्त बोर्ड कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट बघा आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करा. क्रम चुकला तर स्क्रीनवर काहीच येत नाही.

बिलिंगच स्लो असेल, तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. काढलेला प्रोसेसर विकून जे येईल, तेही खर्चाच्या वहीत जमा धरा.