विश्लेषण : जिल्ह्याचे नाव बदलले, शेकडो डिझाइन एका साच्यातून कशी निघतात?

अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. त्यानंतर सुरू होते ते फलक, लेटरहेड, ओळखपत्रे आणि प्रमाणपत्रे बदलण्याचे काम. ते येते डीटीपी आणि फ्लेक्सवाल्यांच्या टेबलावर.

काम किचकट का?

जिल्ह्यात १४ तालुके आहेत. एकाच संस्थेचा फलक प्रत्येक तालुक्यासाठी करायचा तर रचना तीच राहते. गाव, तालुका, छायाचित्र तेवढे बदलते. प्रत्येक फाइल उघडून नाव टाकत बसले की वेळ जातो आणि एखाद्या प्रतीत जुने नाव तसेच राहते.

साच्यातून प्रती कशा निघतात?

फोटोशॉपमध्ये ‘व्हेरिएबल्स’ ही सोय आहे. मजकुराचा किंवा छायाचित्राचा कोणता थर बदलायचा, हे एकदा ठरवायचे. गावांची यादी एक्सेलमध्ये करून सीएसव्ही स्वरूपात जोडायची. मग प्रत्येक ओळीची स्वतंत्र पीएसडी फाइल निघते. ‘इमेज प्रोसेसर’मधून त्या सगळ्यांच्या जेपीईजी करता येतात. कोरलड्रॉमध्ये याच कामासाठी ‘प्रिंट मर्ज’ आहे.

मराठीत अडते कुठे?

पहिली अडचण फॉन्टची. अनेक दुकानांतील जुने साचे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत, तर एक्सेलमधील यादी बहुधा युनिकोडमध्ये असते. दोन्ही जोडले की अक्षरांऐवजी खुणा उमटतात. म्हणून साचा आधी युनिकोड फॉन्टमध्ये आणावा लागतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर मांडणी निवडली नसेल, तर ‘ल्या’सारखी जोडाक्षरे तुटतात, म्हणजे नेमके ‘अहिल्यानगर’च चुकते. दुसरी अडचण लांबीची. ‘अकोले’साठी आखलेल्या जागेत ‘श्रीरामपूर’ मावेलच असे नाही आणि अक्षरांचा आकार आपोआप कमी होत नाही. त्यामुळे साचा सर्वांत लांब नावावर बेतायला हवा.

चूक झाली तर?

हाताने केलेल्या कामात चूक एका फलकापुरती असते. यादीतील चूक छापून येते आणि यादीतच जुने नाव असेल तर सगळ्याच प्रतींत उतरते. फ्लेक्स एकदा छापला की खोडता येत नाही. नुकसान दुकानदाराच्या माथी येते. म्हणून यादी ग्राहकाकडून लेखी तपासून घेणे आणि आधी दोन-तीन प्रती काढून पाहणे हिताचे.

रोजगाराचे काय?

दर डिझाइनमागे पैसे घेणाऱ्याला ही सोय अडचणीची वाटू शकते. शंभर प्रती तासाभरात निघाल्या, तर ग्राहक शंभर डिझाइनचे पैसे देईलच असे नाही. मात्र साचा आखणे, यादीतील शुद्धलेखन तपासणे आणि जोडाक्षरे पाहणे माणसालाच करावे लागते. त्यामुळे साचा आणि तपासणी यांचा दर वेगळा लावणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नामांतरित जिल्ह्यांतील व्यावसायिकांनाही हेच लागू होते.