वेगळं ताट टिकत नाही

लग्नाची तारीख ठरली की मुलीकडचे आधी कार्यालय बघतात, मग सोनं आणि साड्या. अलीकडे त्या यादीत मुलीचं वजनही आलं आहे. तुळशीचं लग्न झालं की साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात अशा मुली येऊ लागतात. कुणाला जिना चढताना गरगरतं, कुणाची पाळी दोन महिने आलेली नसते, कुणाचे केस विंचरताना मुठीनं हातात येतात. खोदून विचारलं की कळतं, ‘महिन्यात दहा किलो’ अशी हमी देणाऱ्या कुणीतरी तिला सकाळ-संध्याकाळ पावडरचं शेक आणि दुपारी सूप एवढ्यावर ठेवलं आहे. पोळी बंद, भात बंद, केळंसुद्धा बंद. लग्नाच्या फोटोत ती बारीक दिसते. पहिल्या दिवाळसणाला माहेरी येते तोवर गेलेलं वजन परत आलेलं असतं, वर दोन-तीन किलो जास्तच.

फॅमिली डॉक्टर एकाच घरातल्या तीन पिढ्या तपासतो, त्यामुळे वजनाचा प्रश्न मला घरासकट दिसतो. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. वजन कमी करणाऱ्या माणसासाठी घरात वेगळं ताट वाढलं की तो प्रयत्न फार काळ चालत नाही. उतरलेलं वजन उतरलेलंच ठेवायचं असेल तर सगळ्या घराचं ताट बदलावं लागतं.

आधी हा प्रश्न कुणाचा आहे ते पाहू. ‘मी काही लठ्ठ नाही’ असं म्हणणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात धोक्यात असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस अंगानं बारीक असूनही आत चरबी बाळगून असतो, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांचा ८० च्या आत हवा. टेपनं मोजायचा, पँटच्या नंबरावर जायचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोट सुटलेल्या प्रौढांचं प्रमाण ३९.५ टक्के, म्हणजे पाचांत जवळजवळ दोघं.

एवढं मोठं दुखणं असताना लोकांना घाई होते, हे मी समजू शकते. पण घाईची किंमत शरीर मोजतं. उपाशी राहून झपाट्यानं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते आणि भूक आधीपेक्षा जास्त लागू लागते. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेत भराभर वजन उतरवलेल्या चौदा जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं दिसलं. शिवाय स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर काटकसर करत राहिलं होतं.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की आठवड्याला अर्धा किलो हा वजन उतरवण्याचा सुरक्षित वेग आहे, आणि त्यासाठी आहार दिवसाला हजार कॅलरींच्या खाली नेऊ नये. अर्धा किलो ऐकून माणसं हिरमुसतात. त्यांना मी अमेरिकेतला मधुमेह-प्रतिबंधाचा २००२ सालचा मोठा प्रयोग सांगते. वजनाच्या सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, एवढंच लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. ते शांतपणे सहा महिन्यांत होतं.

आता घराकडे येते. पतसंस्थेत नोकरी करणारी, पंचेचाळिशीची एक बाई माझ्याकडे यायची. वजन ७८ किलो, गुडघे दुखायचे, साखर काठावर. सकाळी घरच्यांना कांदेपोहे, स्वतःला ओट्स. रात्री सगळ्यांना पोळी-भाजी, स्वतःला सॅलड. सासूबाईंना मऊ भात, मुलांना आणखी काही. दोन चुली सांभाळून ती दमून जायची आणि रात्री साडेदहाला ओटा आवरताना पातेल्यातलं उरलेलं संपवायची, कारण टाकवत नाही. दिवसभर पाळलेलं पथ्य त्या दहा मिनिटांत संपायचं. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी एकटी येऊ नकोस, सगळ्यांना घेऊन ये.

सगळे आले. मी पहिला प्रश्न तेलाचा विचारला. चार मोठी माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा पुरत नव्हता. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या आहारात माणशी रोज २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांचा महिन्याचा हिशेब सव्वातीन किलोच्या आसपास जातो. सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तर्री नसली तर पाव्हण्यांपुढं काय वाढायचं?” मी म्हटलं, “आजी, पाहुणे आले की तर्री करा. बाकीचे दिवस चमच्यानं मोजून घाला.” डब्यावर उघडल्याची तारीख लिहायची, एवढंच ठरलं. पुढे आजींनीच त्यावर नजर ठेवली. माणशी रोज एक मोठा चमचा तेल कमी झालं तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचतात, आणि ताटातला एकही पदार्थ जात नाही.

दुसरी गोष्ट चहा. नवरा कामावर पाच चहा घ्यायचा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती पन्नास ग्रॅम होते. त्याच मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसभराची साखर २५ ग्रॅमच्या आत हवी. चहा सोडायला मी सांगितलं नाही. चहा तीनवर आणायचे आणि साखर एक चमचा. सुरुवातीला चहा फिका लागतो, नंतर जिभेला सवय होते.

तिसरी गोष्ट वाढण्याची. आपल्या ताटात भाजी डाव्या-उजव्या बाजूला चिमूटभर आणि मधोमध पोळ्यांची चवड किंवा भाताचा डोंगर असतो. पोषण संस्था सांगते की ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा हवा. यासाठी परदेशी काही आणायला नको. गवार, दोडका, मेथी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर पुरते. कोरेगावचा वाघ्या घेवडा साताऱ्यात सहज मिळतो. त्याची उसळ, मटकी, घट्ट वरण, पिठलं, अंडं, मासा, दही-ताक यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत असलं की पोट भरलेलं राहतं आणि स्नायूंना प्रथिनं मिळतात. साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, ती पातळ वरणाच्या पाण्यातून मिळत नाहीत. उपवासाच्या दिवशी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात तूप-दाणे. त्याऐवजी भगर, दाण्याची आमटी, ताक आणि एखादं फळ घेतलं तर उपवासही होतो आणि पोटावर भारही पडत नाही.

वर्षभरात त्या बाईचं सहा किलो वजन उतरलं. पथ्यावर नसलेल्या तिच्या नवऱ्याचंही चार किलो उतरलं. आजींचा रक्तदाब आटोक्यात आला, कारण तेलाबरोबर लोणची-पापडही कमी झाले होते. कंदी पेढा त्या घरात अजूनही येतो. एकेक खातात, खोकं संपवत नाहीत.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं दोनदाच जेवावं की ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं खावं, यावर आपल्याकडे घराघरांत वाद झाले. खाण्याकडे लोकांचं लक्ष गेलं हे या दोघांचंही श्रेय. माझं म्हणणं असं, की तुमच्या घराच्या घड्याळात जे बसेल आणि दहा वर्षांनीही जमेल ते तुमचं. फक्त मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडू नका. साखर एकदम खाली जाते आणि माणूस रस्त्यात कोसळतो. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि वाढत्या वयाची मुलं यांनी तर स्वतःच्या मनानं ‘डाएट’ करूच नये.

व्यायामाबद्दल लोकांची मोठी गैरसमजूत आहे. तासभर भरभर चालून साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी जातात, आणि एका वडापावात जवळपास तेवढ्याच येतात. म्हणून नुसतं चालून वजन फारसं उतरत नाही. पण उतरलेलं वजन टिकवायला, साखर-रक्तदाब ताब्यात ठेवायला आणि स्नायू राखायला व्यायामाला पर्याय नाही. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आणि यवतेश्वरच्या घाटात चालणारी, धावणारी माणसं पाहिली की मला आनंद होतो. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी जिमची वर्गणी भरलीच पाहिजे असं नाही. जोर-बैठका आपल्या मातीतल्या आहेत. याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, एवढ्यानं सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरेत. रात्री जेवल्यावर सगळ्यांनी मिळून घराबाहेर एक फेरी मारावी. एकट्यानं जायचं म्हटलं तर कंटाळा येतो, घरच्यांबरोबर पाय आपोआप उचलतात.

२०२५ पासून वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनंही आपल्या बाजारात आली आहेत. ती चांगली औषधं आहेत. ज्यांचा लठ्ठपणा फार आहे, ज्यांना मधुमेह आहे, त्यांना मी स्वतः तज्ज्ञाकडे पाठवते. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. इंजेक्शन घेणाऱ्यालाही जेवायचं असतं घरातच, आणि जेवण कमी झाल्यावर प्रथिनांकडे अधिकच लक्ष द्यावं लागतं. ताटाचा प्रश्न त्यालाही सुटत नाही.

काही गोष्टी घराच्या हातात नसतात. संध्याकाळी बाईमाणसाला निर्धास्त चालता येईल असा फूटपाथ आणि दिवा हवा. शाळेचं मैदान सुटीनंतर कुलूपबंद न ठेवता वस्तीला खुलं करायला हवं. कार्यालयातल्या कँटीनमध्ये भज्यांच्या शेजारी उसळ आणि ताक मिळायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. ते योग्यच होतं. आता नगरपालिकांनी चालायला जागा द्यावी.

घराच्या हातात मात्र पुष्कळ आहे. येत्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं: तेलाच्या डब्यावर तारीख घालायची, रात्रीचं जेवण आठच्या आसपास उरकायचं, उरलेलं अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी वापरायचं, ते संपवायची जबाबदारी आईची नाही. भाजी चिरायला आणि ओटा आवरायला घरातल्या पुरुषांनी, मुलांनी हात लावायचा, म्हणजे तिला चालायला अर्धा तास मिळेल. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, की तिच्या वजनाची बोली कुणी लावत असेल तर त्याला ठणकावून नाही म्हणा आणि तिला आपल्या ताटावर पोटभर, नीट जेवू घाला. एवढं घरानं केलं तर ज्याला वजन उतरवायचं आहे त्याला एकट्यानं झगडावं लागणार नाही, आणि बाकीच्यांचं आजारपण काही वर्षांनी तरी लांबेल.