नाव कार्डाचे, कसोटी सांगाड्याची

गोवा एक्स्प्रेस भुसावळ ओलांडून खंडव्याकडे निघते, तेव्हा वाटेत तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. एके काळची ही खानदेशची राजधानी आज यंत्रमागांचे शहर आहे. गेमिंग लॅपटॉप घेऊ पाहणाऱ्या येथील तरुणापुढे जो पेच आहे, तोच म्हापसा वा फोंड्यातील तरुणापुढेही आहे. हवे ते ग्राफिक्स कार्ड परवडेल अशा किमतीत मिळणे कठीण. आणि जे मिळते ते कशा सांगाड्यात बसवले आहे, हे घरपोच खरेदीत हाताळून पाहता येत नाही.

कार्डांची टंचाई नवी नाही. २०२० ते २०२२ या काळात विस्कळीत पुरवठा आणि आभासी चलनाचे 'खाणकाम' यांमुळे कार्डे दुर्मीळ झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धत सोडली आणि बाजार निवळला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सचा मोठा वाटा ओढून घेतला आहे. सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये केली, ती याच कारणाने. अशा वेळी ग्राहक मिळेल ते घेतो आणि केवळ कार्डाचे नाव पाहून समाधान मानतो.

फसगत होते ती येथेच. लॅपटॉपमधील 'आरटीएक्स ५०६०' ला निर्माता ४५ ते १०० वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. नाव तेच, किंमतही जवळपास तीच. पण वेगात मोठे अंतर. हा आकडा ठरतो तो सांगाड्यावरून: पंखे, उष्णतावाहक नळ्या आणि हवेची वाट यांवरून.

बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालात चालावेत, असे गृहीत धरून बनवले जातात. बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; त्यात मागांच्या परिसरातील सुताची कुसे पंख्यात अडकली, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. गोव्यात वैरी वेगळे: दमट, खारी हवा. बिजागरीचे स्क्रू पातळ प्लॅस्टिकमध्ये रोवलेले असतील, तर झाकणाच्या रोजच्या उघडझापीने ते उखडतात. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप मदरबोर्डावरच पक्की बसवलेली असते. त्यामुळे सांगाडा निकामी झाला, की महागडे कार्डही त्याच्यासोबत अडकून पडते.

कार्डाला किती वीज मिळते, हे निर्मात्यांनी संकेतस्थळावर जाहीर करावे, असा आग्रह एनव्हिडियाने २०२१ मध्ये धरला. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये सरकारकडे आला. मात्र ही माहिती खोक्यावर, किमतीच्या शेजारी छापली जाईल, तेव्हाच लहान शहरातील ग्राहकाला तिचा उपयोग होईल.

तोवर खबरदारी ग्राहकानेच घ्यायची आहे. वॉटचा आकडा विचारावा, झाकण एका कोपऱ्याने उचलून पाहावे, कळफलकाचा मध्य दाबून पाहावा, बिजागरी हमीत येते का हे लेखी घ्यावे. ढिल्या सांगाड्यातील मोठ्या नावाच्या कार्डापेक्षा भक्कम सांगाड्यातील एक पायरी खालचे कार्ड केव्हाही बरे. घरच्यांनी वर्षभर साठवलेला पैसा नावावर नव्हे, टिकाऊपणावर खर्च व्हावा.